परक्या भाषेतील जुळे शब्द

इ. स. १८७३ मध्ये कलकत्त्यास एक लहानसे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. चरित्रनायक होते कलकत्ता उच्च न्यायालयाचे दिवंगत न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी, आणि लेखक त्यांच्याच नात्यातील महेंद्रनाथ मुखर्जी. लेखकाचा हेतू निखळ आदराचा होता. परंतु हे पुस्तक गाजले ते निराळ्याच कारणाने. इंग्लंडात आणि कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीत ते हसण्यासाठी वाचले जाऊ लागले. लॅटिन वचने, ग्रीक पुराणांतील उल्लेख, दस्तऐवजांतील कायदेशीर शब्द आणि लंडनच्या रस्त्यावरील बोली ही सारी मंडळी त्यात एकाच पंक्तीला बसली होती. पुढे १८९१ मध्ये आर्नल्ड राइट नावाच्या गृहस्थाने हिंदी लोकांच्या अशा इंग्रजीचे नमुने वेचून एक पुस्तकच काढले, आणि ‘बाबू इंग्लिश’ हा शब्द साहेबी थट्टेचा कायमचा विषय होऊन बसला.

ह्या चरित्रातील चुका नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. शब्दाचा कोशातील अर्थ लेखकाने क्वचितच चुकविला आहे. त्याने चुकविली आहे ती शब्दाची जागा. दोन शब्दांचा अर्थ एकच दिला असेल तर त्यांपैकी कोणताही वापरावा, किंबहुना जो अधिक भारदस्त तो वापरावा, असा त्याचा समज दिसतो. हा समज त्याचा एकट्याचा नव्हता, आणि तो मंदबुद्धीतून आलेला तर मुळीच नव्हता. ज्या रीतीने त्या पिढीला इंग्रजी शिकविले गेले, त्या रीतीतच त्याचे मूळ होते.

ह्या शिक्षणामागे हौस थोडी आणि पोटाचा प्रश्न मोठा होता. १८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज ह्याने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. तेव्हापासून दोन शब्दांमधला फरक कळणे वा न कळणे ह्यावर माणसाची परीक्षा, परीक्षेवर नेमणूक, आणि नेमणुकीवर चार माणसांचे कुटुंब अवलंबून राहू लागले. साहेबाला जी गंमत वाटे ती अर्जदाराच्या दृष्टीने भाकरीची गोष्ट होती.

बंगालातील जुन्या रीतीचे वर्णन राजनारायण बसू ह्यांनी १८७४ च्या आपल्या ‘सेकाल आर एकाल’ ह्या पुस्तकात करून ठेवले आहे. त्या काळी ज्याला अधिक इंग्रजी शब्द पाठ तो अधिक विद्वान. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे बंगाली प्रतिशब्द. कधी तालावर, कधी पद्यात बसवून विद्यार्थी ते घोकीत असत. वाक्य पुढे केव्हातरी येई, आणि पुष्कळांच्या वाट्याला ते येतच नसे.

आपल्याकडे सुरुवात त्यामानाने बरी झाली असे म्हणावयास हरकत नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्याचे पान दोन स्तंभांत विभागलेले असे. एका बाजूस इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूस मराठी. एतद्देशीयांस इंग्रजी विद्येची गोडी लागावी हा त्या पत्राचा एक उघड हेतू होता. आज आपण ‘दर्पण’कडे मराठी वृत्तपत्राचा आरंभ म्हणून पाहतो, पण ज्या वाचकाला थोडेबहुत इंग्रजी येत होते त्याच्या हाती ते पान एक पाठ्यपुस्तकच होते. तेथे शब्द सुटा उभा नव्हता. तो एखाद्या बातमीत, कोणाच्या तरी बोलण्यात, काही घडलेल्या गोष्टीत बसलेला होता, आणि डोळा जरा तिरपा केला की तीच गोष्ट मराठीत सापडत होती. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश पुढे १८४७ मध्ये निघाला. तो कोश म्हणजे अपार कष्टाचे काम आहे. तरीही कोशाची आणि पत्राची जात वेगळी, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांच्या दप्तरात राहिली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची चेष्टा करण्याची फॅशन मध्यंतरी पडली होती. मला ती अन्यायाची वाटते. ह्या पाठमालेने मुलांच्या हाती सुटे शब्द न देता वाक्ये दिली. तिचा दोष असलाच तर एवढाच की त्या वाक्यांचा साचा बहुधा मराठीचा असे, आणि इंग्रजी शब्द त्या साच्यात भरावा लागे.

ही शब्दसूची नेमके काय लपविते, ते एकदोन घरगुती उदाहरणांनी पाहू. मराठीत ‘सावली’ हा एक शब्द. उन्हातून येऊन आपण झाडाच्या सावलीत बसतो, आणि संध्याकाळी भिंतीवर पडते तीही आपलीच सावली. इंग्रजाला येथे दोन शब्द लागतात. बसावयाची ती ‘शेड’, भिंतीवर आकृती उमटते ती ‘शॅडो’. सूचीत दोहोंपुढे ‘सावली’ असेच लिहिले जाणार, आणि विद्यार्थी ‘शॅडो’त जाऊन बसणार. तसेच ‘उसने’. आपण उसने घेतो व उसने देतो. शब्द एकच, दिशा क्रियापद सांगते. इंग्रजीत घेणाऱ्याचा ‘बॉरो’ वेगळा व देणाऱ्याचा ‘लेंड’ वेगळा. हाताच्या व पायाच्या बोटांना आपण बोटेच म्हणतो. इंग्रजाने पायाच्या बोटांना निराळे नाव दिले आहे. आणि ‘करणे’, ‘पाहणे’, ‘सांगणे’ ह्या आपल्या भरल्या घरच्या क्रियापदांपुढे इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन शब्द उभे राहतात. त्यांतला कोणता केव्हा, हे शब्दाचा अर्थ सांगून कळत नाही. उलटही खरे आहे. आपल्या ‘परवा’ ह्या शब्दाने किती परक्यांना चकविले असेल! गेलेला दिवसही परवा, येणारा दिवसही परवा. आपल्याला त्याची कधी अडचण पडत नाही, कारण ‘परवा’च्या मागोमाग ‘गेलो’ येते किंवा ‘जाईन’ येते.

म्हणून इंग्रजाच्या घोटाळ्याचे शब्द आणि आपल्या घोटाळ्याचे शब्द एक नव्हेत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. इंग्रज मूल भाषा कानाने शिकते. त्याला गोंधळात टाकतात ते सारख्या उच्चाराचे शब्द. आपण ती बव्हंशी डोळ्याने शिकतो. आपल्याला गोंधळात टाकतात ते मराठी प्रतिशब्द सारखे असणारे शब्द. ‘स्टेशनरी’ हा शब्द घ्या. इंग्रजीत हे दोन शब्द आहेत; एकाचा अर्थ एका जागी स्थिर असलेले, दुसऱ्याचा अर्थ कागद, शाई, टाचण्या इत्यादी लेखनसामग्री. दोहोंच्या वर्णलेखनात अवघ्या एका स्वराचा फरक. आपल्या देवनागरीत ते लिहिले तर तेवढाही उरत नाही. इंग्रज कारकून ह्या जोडीत वरचेवर फसतो. आपला कारकून सहसा फसत नाही, कारण त्याने दोन्ही शब्दांची वर्णाक्षरे स्वतंत्रपणे घोकलेली असतात. मजा अशी की ह्या दोन शब्दांचे मूळ एकच आहे. मध्ययुगीन विद्यापीठांच्या गावी जो पुस्तकविक्या फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडून बसे, त्याला लॅटिनमध्ये ‘स्तातिओनारियुस’ म्हणत. त्यावरून लंडनच्या पुस्तकवाल्यांच्या व मुद्रकांच्या संघाला ‘स्टेशनर्स कंपनी’ हे नाव पडले. त्या संघाला १५५७ मध्ये राजाची सनद मिळाली. दुकानदार स्थिर होता म्हणून त्याचा माल ‘स्टेशनरी’! एवढी हकीकत एकदा वाचली म्हणजे दोन शब्द निदान एका घरातले भाऊ म्हणून ओळखीचे होतात. मुद्दल व मुख्याध्यापक ह्या दोघांनाही लागू पडणारा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व ह्या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ ह्यांचेही नाते असेच. दोघांच्याही मुळाशी ‘पहिला’ हा लॅटिन अर्थ आहे.

काही जोड्यांतला घोटाळा मात्र परीक्षेचे गुण जाण्यावर थांबत नाही. पेट्रोलच्या टाकीवर ‘हायली इन्फ्लॅमेबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग बहुधा निषेधार्थी येतो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक. आपल्याला संस्कृतातील ‘अ’ची सवय असल्यामुळे तर हा नियम फारच लवकर पटतो. त्या हिशेबाने ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे असे कोणी समजला, तर त्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे आणि जीव धोक्यात आहे. वस्तुतः येथील ‘इन’ निषेधाचा नसून ‘आत’ ह्या अर्थाचा आहे. असा घोटाळा इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांचाही होऊ शकतो, म्हणून अमेरिकेतील आगप्रतिबंधक संस्थेने १९२० नंतरच्या दशकात ‘फ्लॅमेबल’ हा आखूड शब्द वापरण्याचा आग्रह धरला. पुढे १९५९ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेनेही तीच वाट धरली. शब्द शिकविण्यापेक्षा बदलणे सोपे, असे एका धंद्याने ठरविल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

आता आपल्या मूळ धाग्याकडे वळू. बाबू इंग्लिशाला हसणाऱ्यांच्या मांदियाळीत पहिला समंजस सूर मला आढळतो तो जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ ह्यांचा. हे आपल्या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. हिंदी लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रयोगांत कोणत्या चुका करतात ह्याचे परीक्षण करणारे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. ह्या लोकांनी व्यवहारापुरते इंग्रजीवर मिळविलेले प्रभुत्व आश्चर्यकारक आहे, आणि त्याविषयी कौतुक वाटते म्हणूनच उरलेल्या चुका दाखवीत आहे, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. त्यांनी चुका वर्गवारीने मांडल्या, प्रत्येक चुकीचे वाक्य दिले आणि त्याचे कारण शोधले. हसण्याकडून कारणाकडे जाणे ही केवढी मोठी मजल, हे आज चटकन जाणवत नाही.

त्यानंतरची मजल मारली गेली डाक्क्यास. मायकेल वेस्ट हा तरुण इंग्रज १९१२ मध्ये हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात आला आणि डाक्क्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगालातील शाळा हिंडून पाहताना त्याला एक साधी गोष्ट दिसली. इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच शाळा सोडतात, आणि सोडताना त्यांच्या हाती काहीही लागत नाही. चार वर्षे शब्द घोकले, व्याकरण घोकले. पण एक साधे पुस्तक वाचता येत नाही व एक वाक्य बोलता येत नाही. ह्या स्थितीचे वर्णन करण्यासाठी वेस्टने विम्याच्या धंद्यातील शब्द उचलला: ‘सरेंडर व्हॅल्यू’. विम्याचे हप्ते मध्येच थांबविणाऱ्यालाही कंपनी काही रक्कम परत करते. मग मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाला त्याच्या कष्टाचे काहीच का परत मिळू नये? शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत मोठमोठी तत्त्वे असतात, पण गरीब मुलाच्या हिशेबाने केलेला असा प्रश्न त्यांत क्वचितच सापडतो. ह्या विषयावरील त्याचा द्विभाषिकत्वाविषयीचा अहवाल १९२६ मध्ये सरकारने छापला.

वेस्टचे उत्तर असे, की ह्या मुलांना प्रथम वाचता आले पाहिजे. खेड्यातील मुलाला इंग्रजी बोलावयास कोणी भेटणार नाही. पुस्तक मात्र भेटेल. आणि वाचता यावे म्हणून त्याने वाचनमालेचीच घडण बदलली. जुन्या क्रमिक पुस्तकांत एका पानावर नव्या शब्दांची गर्दी असे, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा कधी तोंड दाखवीत नसे. वेस्टने काव्यातले व जुनाट शब्द काढून त्यांच्या जागी चालू शब्द घातले. नवे शब्द त्याने विरळ पेरले, आणि आलेला शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा आणला. शब्द दहा ठिकाणी भेटला की त्याच्या भोवतालची माणसे ओळखीची होतात, आणि मग तो आपल्या जुळ्या भावापासून वेगळा ओळखू येतो. सूचीतील प्रतिशब्द पाठ करून जे साधत नव्हते ते अशा रीतीने, अर्थ फारसा न सांगता, साधू लागले.

१९३५ मध्ये वेस्टने जेम्स एंडिकॉट ह्याच्या साहाय्याने एक लहान कोश काढला. हा एंडिकॉट चीनमध्ये काम करणारा कॅनडाचा मिशनरी. ह्या कोशात सुमारे २४,००० शब्द व वाक्प्रयोग असून त्या सर्वांचे स्पष्टीकरण अवघ्या १,४९० शब्दांत केलेले होते. कोशात शब्द पाहावा, तर त्याचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत दिलेला असावा, हा अनुभव कोणाला नाही? इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या कोशांतला हा दोष परक्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहणाऱ्यालाच दिसला. ह्याच सुमारास सी. के. ऑग्डेन ह्याने ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली होती (१९३०). तिचा गाजावाजा फार झाला, युद्धकाळात चर्चिलनेही तिची भलावण केली. परंतु तिच्यात क्रियापदे अवघी १८. त्यामुळे ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ ह्या बापड्या शब्दांच्या माथ्यावर शेकडो अर्थांचे ओझे आले. शब्द कमी झाले, अडचण तेवढीच राहिली. वेस्टने तिला विरोध केला, तो योग्यच होता असे मला वाटते.

तिकडे जपानात हॅरल्ड पामर हा भाषाशास्त्रज्ञ १९२२ मध्ये जाऊन पोहोचला होता. पुढल्याच वर्षी तोक्योमध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली व तो तिचा संचालक झाला. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतो, ह्याचा शोध हे ह्या संस्थेचे मोठे काम. १९३३ मध्ये अशा शब्दसंगतींचा एक मोठा अहवाल त्याने प्रसिद्ध केला. मराठीत आपण चहा ‘करतो’, पोळी ‘लाटतो’, दिवा ‘मालवतो’ व दुकान ‘वाढवतो’. दिवा ‘मारला’ असे कोणी म्हणत नाही. ह्याला कारण विचारले तर मराठी माणूस सांगू शकणार नाही. परक्याला मात्र ही प्रत्येक सोबत स्वतंत्रपणे शिकावी लागते, आणि कोणी ती लिहून ठेवली नाही तर तो ती कोठून शिकणार?

पामर १९३६ मध्ये जपानातून परतला. त्याचे काम पुढे चालविले ए. एस. हॉर्नबी ह्याने. हा १९२४ मध्ये जपानात इंग्रजी शिकवावयास आला होता. गेटन्बी व वेकफील्ड ह्या दोन सहकाऱ्यांसह त्याने परकी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचा इंग्रजी कोश रचण्यास घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हॉर्नबीला स्थानबद्ध करण्यात आले. १९४२ मध्ये त्याची स्वदेशी पाठवणी झाली, आणि त्याच वर्षी तोक्योच्या काइताकुशा ह्या प्रकाशनसंस्थेने त्याचा कोश छापला. ब्रिटनशी युद्ध चालू असताना जपानी प्रकाशक एका इंग्रजाचा इंग्रजी कोश काढतो, ही घटना मला विलक्षण वाटते. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने तोच कोश छायाचित्रणाने पुन्हा छापला. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि हिंदुस्थानातील महाविद्यालयांतून तो घरोघर गेला.

हॉर्नबीने शब्दापुढे अर्थ दिला, उदाहरणाची वाक्ये दिली. पण त्याचे खरे वैशिष्ट्य क्रियापदांच्या २५ साच्यांत आहे. ‘टेल’ आणि ‘से’ ही जोडी पाहा. दोहोंचा अर्थ सांगणे. परंतु ‘टेल’च्या मागोमाग ऐकणारा माणूस यावा लागतो, ‘से’ला तो थेट चालत नाही. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे समजावून सांगणे; पण ‘मला समजाव’ ह्या धर्तीवर त्याच्या पाठीमागे ‘मला’ जोडता येत नाही, मध्ये एक अव्यय घालावे लागते. मराठी विद्यार्थ्याची चूक येथे अर्थाची नसते, साच्याची असते. जुन्या शिक्षकाने ‘असे म्हणत नाहीत’ एवढेच सांगितले असते. हॉर्नबीने प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याचा आकडा टाकला.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. संदर्भाने शब्द कळतो हे जितके खरे, तितकेच संदर्भ फसवतो हेही खरे. वाक्याचा एकंदर रोख कळला की वाचक पुढे जातो; नेमका शब्द कोणता होता ह्याची त्याला फिकीर राहत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. दिल्लीस नव्याने आलेल्या मराठी माणसाला कोणी ‘आपकी शिक्षा कहाँ हुई’ असे विचारले तर तो क्षणभर चपापतो, पण संदर्भ त्याला लगेच सावरतो. ‘चेष्टा’ मात्र पुष्कळ दिवस चुकीच्या अर्थाने मनात राहू शकते, कारण ‘उसने चेष्टा की’ ह्या वाक्यात थट्टाही बसते व प्रयत्नही बसतो. एका वाक्याने असा शब्द सुटत नाही. जेथे एकच अर्थ बसेल व दुसरा बसणारच नाही, असे वाक्य भेटावे लागते. वेस्ट व हॉर्नबी ह्यांची उदाहरणे निवडण्याची कसोटी हीच होती असे त्यांचे ग्रंथ चाळताना वाटते.

वेस्टचे शेवटचे मोठे काम १९५३ चे. सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी त्याने संपादित केली. पन्नास लाख शब्दांच्या छापील मजकुराची मोजदाद तिच्या पाठीशी होती, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही दिलेले होते. यादीच्या रीतीविरुद्ध उभा राहिलेला मनुष्य अखेर यादीच करून गेला. पण ही यादी शब्दांची तशीच अर्थांचीही होती. आपल्याकडे १९५८ मध्ये हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ह्या विचाराचा शिरकाव झाला. १९७८ मध्ये लाँगमन कंपनीने काढलेल्या कोशात सुमारे २,००० शब्दांतच सारे अर्थ सांगितले गेले. त्याच्या मुळाशी वेस्टचीच यादी आहे. वेस्ट १९७३ मध्ये वारला होता. हॉर्नबी त्याच १९७८ साली वारला. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर ह्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कोशाने आणखी एक पाऊल टाकले. त्यात अर्थ सुट्या शब्दात नाहीच. तो शब्द ज्यात वापरला आहे अशा पुऱ्या वाक्यातच अर्थ सांगितलेला असतो.

आणि तरीही आपल्याकडे रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावर स्पर्धापरीक्षांची जी मार्गदर्शके विकावयास असतात, त्यांतील घोटाळ्याच्या शब्दांचे प्रकरण उघडून पाहावे. पुष्कळांत डावीकडे दोन इंग्रजी शब्द आणि उजवीकडे दोन प्रतिशब्द एवढेच असते. वाक्य कोठेतरी एखादे असले तर असते. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी बसणारी मुले ती पाने आगगाडीत, एका हाताने वरचा दांडा धरून, घोकीत असतात.